एडेलमिराबाईंचं घर आणि आमची हद्द

चिलोए बेट, चिली,
सोमवार (म्हणजे कपडे धुण्याचा दिवस)

तीर्थस्वरूप व्हर्लामावशीला ट्रेविनचा चिखलाने भरलेला, पण मनापासूनचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? काकांनी अखेर नवा ट्रॅक्टर घेतल्याचं आईने कळवलं. जुन्या ट्रॅक्टरला निरोप देताना ते काय बोलले, तेही तिने कळवलं, आणि आपल्या चर्चच्या माणसाने असं बोलू नये असंही पुढे लिहिलं. (मला ते वाचून फार बरं वाटलं. घरचं वाटलं.) इकडे मी ठणठणीत आहे. वजनाबद्दल मात्र विचारू नकोस. आयडाहोहून निघताना बटाट्यांपासून सुटका झाली म्हणून मी विमानात देवाचे आभार मानले होते, आणि देवाने मला अशा बेटावर उतरवलं जिथे बटाट्याची भाकरी करतात, तिच्यात बटाटा भरतात आणि तोंडी लावायला उकडलेला बटाटा देतात. प्रार्थना जपून करावी हे मी इथे शिकलो.

धर्मप्रचाराच्या दोन वर्षांपैकी माझं आता थोडंच उरलं आहे. तुला माहीतच आहे, आम्हा मिशनरींच्या बोलण्यात घरी जाणारा ‘मेला’ आणि त्याचा शेवटचा जोडीदार हा त्याचा ‘मारेकरी’. माझा मारेकरी म्हणजे एल्डर वामानी. (विशीतल्या पोरांना ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारे, म्हणायची ही आपली रीत!) पेरूच्या डोंगरातला, मिशनमध्ये अगदी नवा, इतका सभ्य की आल्या दिवशी टोपी काढून म्हणाला, “एल्डर बेकस्टेड, तुम्हाला मारायला मला पाठवलंय. तुमची काही हरकत नाही ना?” हरकत कसली, मी तर मरायला एका पायावर तयार आहे. माझा पलंग, आईचा पाव, नळ सोडला की येणारं गरम पाणी! (एवढा भाग आईला खुशाल मोठ्याने वाचून दाखव. वाट पाहते म्हणालेल्या लॉरीनने गुरांच्या डॉक्टरशी लग्न केलं तेव्हापासून आईने माझ्यासाठी आणखी कोणीतरी हेरून ठेवली आहे, तेही मला कळलं आहे. तो भाग वाचू नकोस.)

काळजी एकच. परतल्यावर पहिल्याच रविवारी भरल्या चर्चमध्ये उभं राहून दोन वर्षांत काय केलंस ते सांगायचं असतं. आजोबा डेन्मार्कहून परतले तेव्हा त्यांनी अख्खं गाव बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडवून आल्यासारखं भाषण केलं होतं म्हणे. डॅनदादाचं ब्राझीलहून आल्यावरचं भाषण तर तू ऐकलंच आहेस. मी काय सांगू? लाकडं फोडली, छपरं शाकारली, पळालेली डुकरं धरून आणली. बाप्तिस्मा मात्र एकही नाही, मावशी. पहिल्या रांगेत आजोबा कानाचं यंत्र नीट बसवून वाट बघतील, आणि मी त्यांना डुकरं सांगू? ह्या विचाराने मला खरंच घाम फुटतो.

सगळी आशा एडेलमिराबाईंवर होती. ह्या इथल्या एक विधवा बाई. दोन्ही मुलगे पातागोनियात मेंढ्या कातरायला जातात ते वर्ष वर्ष येत नाहीत. बाई आमचे धर्माचे धडे ऐकतात ते माझ्या आधीच्याच्या आधीच्याच्याही आधीपासून. एकदा मी धड्याचा मधला भाग विसरलो, तर चुलीवरच्या पातेल्यावरून नजर न काढता त्यांनी तो पुरा केला आणि वर म्हणाल्या, “घाई करू नकोस रे, तुझ्या आधीचा इथे जरा थांबायचा.” आपल्यात चालत नाही म्हणून चहा सोडला, रविवारची प्रार्थना चुकत नाही, जेवायला तर दर गुरुवारी बोलावतात. पण बाप्तिस्म्याचं नाव काढलं की नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. कधी पाणी गार, कधी डुकरीण व्यालेली, कधी बटाटे काढायचे. शेवटचं विघ्न म्हणजे घर. खाडीपलीकडे धाकट्या बहिणीशेजारी त्यांना राहायला जायचं होतं. “नव्या जागी नवा जन्म,” त्या म्हणाल्या, “घर एकदा तिकडे बसलं की मग बुडवा मला.”

आता इथला माणूस जागा बदलतो तेव्हा घर मागे ठेवत नाही. उचलून बरोबर नेतो. घर लाकडाचं. दारं-खिडक्या काढायच्या, खाली ओंडके सारायचे, बैलजोड्या जुंपायच्या, आणि सगळ्या गावाने हात लावायचा. मजुरी कोणी घेत नाही, घरमालकाने पोटभर जेवू घालायचं. मी विचार केला, एवढंच विघ्न ना? मग शेंडी तुटो की पारंबी! बैल होते दोन दिरांकडे, रुपेर्तो आणि बेलिसारिओ. दोघे एका कुंपणावरून एकमेकांशी बोलत नव्हते. मी एकाच दुपारी दोघांच्या घरी जेवलो. (धर्मासाठी हुतात्मे झालेल्यांनीही एवढे बटाटे पोटात घातले नसतील.) थोरला म्हणाला, “तो येणार असेल तर मी येत नाही.” धाकटाही अक्षरशः हेच म्हणाला. मी दोघांना वेगवेगळं सांगितलं की, दुसऱ्याचे बैल अशक्त आहेत अशी गावात बोलवा आहे, तेवढं तुम्ही येऊन दाखवून द्या. हे खोटं नव्हतं, कारण ती बोलवा मी आदल्या दिवशीच उठवली होती.

शनिवारी ओहोटीला सुरुवात केली. मावशी, तू मला ओळखलं नसतंस. दोरांच्या गाठी मी मारल्या, ओंडके मी सरकवले, बैलांना ओरडणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा, आणि तोही इथल्या अशा शब्दांत की त्यांचा अर्थ मी मुद्दामच कोणाला विचारलेला नाही. घर डुगडुगत किनाऱ्यावर आलं. बुडाशी पिंपं बांधली, भरती आली, घर तरंगलं, आणि दोन होड्या त्याला खाडीतून ओढू लागल्या. आम्हाला पाण्यात पोहायला बंदी आहे; पण मांड्यांपर्यंतचं पाणी म्हणजे पोहणं नव्हे, आणि छातीपर्यंतचं म्हणजे पाय घसरणं. रिकाम्या खिडकीत बाईंची मांजर कप्तानासारखी बसली होती. माझे डोळे भरून आले. पुढच्या रविवारी बाप्तिस्मा! मी वामानीला हाक मारली, चल, बैस होडीत, पलीकडे जेवण आहे.

वामानी जागचा हलेना. म्हणाला, “एल्डर, मी नाही येऊ शकत. ती बाजू आपली नाही.”

मी म्हटलं, आपली नाही म्हणजे?

“आपली हद्द खाडीच्या मधोमध संपते. तिकडचं क्षेत्र एल्डर स्टॉडर्डचं.”

(आपल्या क्षेत्राबाहेर आम्हाला पाऊल टाकता येत नाही, आणि तिकडचा बाप्तिस्माही तिकडच्याच मिशनरीचा. ही हद्द नकाशावर आहे. नवीन आलेली मुलं नकाशा वाचतात. पाण्यात कोणी राहत नाही, त्यामुळे जुन्यांना ती आठवायचं कारणच पडत नाही.) मी विचारलं, अरे मग सकाळपासून बोलला का नाहीस? तर तो बिचारा गोंधळून म्हणाला, “मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही एवढ्या उत्साहाने ओढत होतात... मला वाटलं, जाता जाता मोठ्या मनाने बाईंचा बाप्तिस्मा त्यांना देऊन टाकताय.”

आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात, मावशी. पण त्यासाठी दोन वैऱ्यांचे बैल जुंपणारा मी पहिलाच. पलीकडच्या किनाऱ्यावर स्टॉडर्ड टाय लावून उभा होता. (तो दिवसातून पाच वेळा केस विंचरतो, आणि त्याचे बाप्तिस्मे विचारू नकोस.) होडीवाल्याने दोर फेकला, तो त्याने एका हाताने झेलला. गाठ माझीच होती.

एडेलमिराबाई शेवटच्या होडीने निघाल्या. मांडीवर कोंबड्यांची टोपली. मला म्हणाल्या, “गुरुवारी दोघे या. वाटेत गारठाल, स्वेटर घाला.” मग मला सगळं सांगावं लागलं. हद्द, क्षेत्र, नियम, आता तुमच्याकडे स्टॉडर्ड येईल, तो फार चांगला मुलगा आहे वगैरे. बाईंनी खाडीकडे बराच वेळ पाहिलं.

“कुठेय हद्द? मला तर नुसते बगळे दिसतायत.”

मी बोटाने खाडीचा मध्य दाखवला.

“ज्याने आखली त्याला आई नाही का रे?” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाठ केली, आणि होडी पलीकडे लागेपर्यंत वळून पाहिलं नाही. इकडे रुपेर्तो आणि बेलिसारिओ मात्र एकाच ओंडक्यावर बसून कोणाचे बैल जास्त दमले ह्यावर भांडत होते. म्हणजे निदान बोलत तरी होते.

असो. जे झालं ते बऱ्यासाठीच. बाप्तिस्मा कोण देतं ह्याला महत्त्व नसतं, त्या बाईंचं भलं होणं महत्त्वाचं. मी अगदी शांत आहे. आजोबांना डुकरांबद्दल सांगेन, डुकरंही देवाचीच. आता फक्त घरी यायची ओढ आहे. काकांना नमस्कार, गुडघ्याला शेक देत राहा.

तुझा,
ट्रेविन

ता. क. : माझे जुने बूट आईने कोणाला दिले नसतील तर देऊन टाक म्हणावं. पाय वाढला आहे.

ता. क. दुसरा : मी शांत आहे असं वर लिहिलं ते खरं नाही. रविवारी मी आमच्या मिशनच्या अध्यक्षांना फोन केला. (ते मूळचे दातांचे डॉक्टर, त्यामुळे माणूस कळवळून बोलू लागला की त्यांना घाई नसते.) मी त्यांना म्हटलं, मला दीड महिना वाढवून द्या आणि खाडीपलीकडे टाका. ते आधी पुष्कळ हसले, मग हो म्हणाले. स्टॉडर्डची बदली करतायत. वामानीला मारेकरी होता येणार नाही म्हणून तो खट्टू आहे. तेव्हा मावशी, मुख्य काम हे : अध्यक्षांचं पत्र घरी पोहोचायच्या आत तू आईकडे जा. विमानतळासाठी तिने फलक रंगवला असेल, त्यावर तारीख घातली असेल, आणि ती हेरलेली मुलगीही ठरवून ठेवली असेल. मोठी बहीण म्हणून ती तुझंच ऐकते. तिला खुर्चीत बसव आणि मग सांग. मला तिच्याशी बोलायचं धाडस नाही.

ता. क. तिसरा : हे पाकीट चिकटवणार तेवढ्यात बाईंची बहीण मासे विकायला इकडे आली, म्हणून उघडतो आहे. मी पलीकडे येतोय ही बातमी माझ्याआधीच तिकडे पोहोचली होती. बाईंनी बहिणीबरोबर निरोप धाडला आहे, तो तिने मासे तोलता तोलता भर बाजारात जसाच्या तसा सांगितला : “त्या लांबड्याला सांग, बाप्तिस्मा आता बटाटे काढल्यावर. आणि पुढच्या वर्षी पुन्हा बटाटे लावणार आहे म्हणावं. बाप्तिस्मा झाला की तुम्ही पोरं दुसऱ्याच्या दाराला जाता, मी काय गावात पाहिलं नाही? गुरुवारी मात्र जेवायला ये.” मावशी, म्हणजे माझ्या हातून एकही बाप्तिस्मा होणार नाही. आजोबांना तूच सांभाळ. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला इतका आनंद झाला की मी नको असलेला मासाही विकत घेतला.