तिघांचं भाडं

३ एप्रिल
आणि परत तोच विषय. भाडं भरलंत का, भाडं भरलंत का. अगं, दवाखान्याला कुलूप, डॉक्टरबाई घरात, मी परमुलखात. महामारीत सगळं बंद तर भाडंही बंद, साधा हिशोब आहे. आपले तीन गर्भ तिथे फ्रीझरमध्ये ठेवलेत. बायकोच्या पोटात सोडायची तारीख परवाची होती, ती गेली. फोनवर रडली. धीर दिला. म्हटलं, थंडीतलं मला शिकवू नकोस, मी शीतगृहात कामाला आहे, आमचा वाटाणा दोन वर्षं टिकतो. म्हणाली, वाटाणा कोणाला आई म्हणत नाही. बायका हळव्या असतात.

९ एप्रिल
आजपासून सिगारेट बंद. डॉक्टरबाईंनी सांगितलेलंच, दोष दोघांत आहे. माझा थोडा, तिचा जास्त. रिपोर्ट इंग्रजीत होता, पण बाईंच्या चेहऱ्यावरून कळलं.

१० एप्रिल
आमच्या पाळीतला मफलर (बारा महिने गळ्यात मफलर) एक देऊ का म्हणाला. माणसाचं मन मोडू नये.

२४ मे
दवाखान्यातल्या काउंटरवाल्या बाईचा फोन. कागदावर नंबर माझा एकट्याचा आहे, घरचा कर्ता मी. वर्ष भरलं, पंधरा दिवसांत बारा हजार भरा, नाहीतर गर्भ टाकून द्यावे लागतील, तुमची सही आहे म्हणे. हसूच आलं. आमच्याकडे कोणाचं भाडं थकलं तर मुकादम माल अडवून धरतो. फेकत नाही. फेकला तर वसुली कशातून करणार? म्हणजे नुसती दमदाटी. म्हटलं, सहा देतो, सध्या सगळीकडे सूट चालू आहे. बाई म्हणाली, सर, हा भाजीबाजार नाही. नंबर ब्लॉक केला. दोन दिवसांत नरमतील.

२७ मे
अजून नरमले नाहीत. निदान तसा फोन तरी नाही.

२ जून
डबल पाळीचे पैसे आले. जुनी मोटरसायकल घेतली. पोरांसाठीच. पुढे टाकीवर एक, मागे दोन, मधे मी. बायकोला सांगितलं नाही.
रात्री तिचा फोन. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुझ्याकडून आता पुन्हा बीजं मिळायची नाहीत, जे आहेत ते हे तीनच. भाड्यासाठी ताईकडे उसने मागू का, असं विचारत होती. म्हटलं, खबरदार. माझ्या पोरांचं भाडं मेहुणीने भरायचं? मी भरलंय. भरणारच आहे, तेव्हा भरल्यातच जमा. किती दिवसांनी हसली. सांगितल्याचं सार्थक झालं.

८ जून
आज भरणार होतो. गाडीचा क्लच गेला.

१९ जून
दवाखाना पेशंटसाठी उघडला. बायको मास्क लावून पहाटेपासून रांगेत. मी इकडे नावं काढत बसलो. दोन मुलांची सुचली, मुलीचं अडलं.
दुपारी तिचा फोन आला. नऊ तारखेलाच टाकून दिले म्हणे. तुमच्या मिस्टरांचा फोन लागतच नव्हता, असं काउंटरवाली सगळ्या रांगेसमोर बोलली. मी म्हटलं, असा माल कोणी फेकत नसतं, नीट विचार, आत कुठेतरी असतील. ती म्हणाली, भरलं म्हणाला होतात. मी म्हटलं, आवाज तुटतोय.
आवाज चांगला येत होता.

२१ जून
मेहुणीचा फोन. ती माझ्याकडे आहे, तुम्ही येऊ नका, तिला आता बाळ होणार नाही एवढं तरी डोक्यात शिरतंय का? म्हटलं, ताई, महामारीपुढे कोणाचं चाललंय? तिने फोन ठेवला.
मफलरला सगळं सांगितलं. त्याने सिगारेट दिली नाही.

२५ जून
मेहुणीने निरोप दिला, तिला तुमची दमडी नको. रागात माणूस असं बोलतं. मी मनाला लावून घेत नाही. क्लच आणि मागचा टायर जाऊन जे उरलं ते सगळंच्या सगळं बायकोला पाठवतोय, हात आखडला असं कोणी म्हणायला नको: सातशे पन्नास.