टाळ्या आधीच वाजल्या

मेम्फिस, गुरुवार

प्रिय आई,

मी बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

मी काम शिकवलेल्या तीन गोऱ्या पोरांना गोदामात मुकादम केलं आणि मला डावललं, म्हणून मी सरकारी कचेरीत तक्रार केली होती. पावणेतीन महिन्यांपूर्वी त्यांचं पत्र आलं: ‘तुम्हाला दावा लावण्याचा हक्क आहे.’ मला वाटलं, जिंकले. त्याच रविवारी चर्चमध्ये उभी राहून, देवाचे आभार मानत तशी साक्ष दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, केक आणला. तुलाही फोनवर तेच सांगितलं.

काल ते पत्र चर्चमधल्या मिस ओडेसांनी वाचलं. त्या कोर्टात कारकून होत्या.

“अगं बये, जिंकलीस कुठे? त्या कचेरीनं हात झटकलेत! नव्वद दिवसांत तूच कोर्टात जायचंस. किती झाले?”

“एक्क्याऐंशी.”

“आणि तू केक खात बसलीस?”

मान वर करवेना, आई. वकील मिळो न मिळो, सोमवारी मी स्वतः दावा दाखल करणार आहे. अर्ज लिहायला मिस ओडेसा बसणार आहेत.

तू तिकडे गावभर सांगितलं असशील. आता त्यांना सांग, पोरगी जिंकलेली नाही, आत्ता कुठे भांडायला निघालीय. फोनवर हे बोलायला तोंड नव्हतं.

तुझीच,
व्हर्लीन