दातांनी ऐकलेली तोडी

८ नोव्हेंबर १९३८, लोणावळा

हे शाळेत शिकवायला गेल्यावर तोडीची रेकॉर्ड लावली. बाबांनी लग्नात फोनोबरोबर दिलेली. रेकॉर्ड झिजली असं इतके दिवस स्वतःला सांगत होते. डग्गा मुळीच येत नाही. तबला म्हणजे नुसत्या टिचक्या. गाणाऱ्या बाईंचा तार षड्ज मात्र सुईसारखा अजून. रेकॉर्डच्या शेवटी बाई आपलं नाव सांगतात, ते आज ऐकू आलं नाही. सुमीला विचारलं, काय म्हणाली गं ती? चार वर्षांच्या पोरीनं घडाघडा सांगितलं.

म्हणजे रेकॉर्ड झिजलेली नाही.

सुमीच्या बाळंतपणानंतर हे सुरू झालं. आता पुन्हा दिवस गेलेत. ह्यांना अजून सांगितलं नाही.

१९ नोव्हें.

पुण्याला कानाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी एक लोखंडी चिमटा वाजवून कानाजवळ धरला. काही नाही. तोच कपाळाला टेकवला तर स्वर स्वच्छ, डोक्यात तंबोरा लावल्यासारखा. मला वाटलं बरी झाले.

ते ह्यांच्याशीच बोलत होते. मी पदर ओढून घेऊन पुन्हा सांगायला लावलं, मोठ्यानं. कानाच्या आतलं एक बारीक हाड आखडत चाललंय. औषध नाही. काही बायकांत प्रत्येक बाळंतपणाला वाढतं. "पुढचं मूल टाळता आलं तर पाहा," म्हणाले.

तेव्हा तिथेच सांगावं लागलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टर पेनाचं टोपण लावत बसले.

घरी आल्यावर हे म्हणाले, डॉक्टर उगाच घाबरवतात. मग भाजी काय आहे ते विचारलं.

२ डिसें.

आज जे झालं ते लिहवत नाही.

पुढच्या खोलीत त्या पुण्याच्या तरुण गवयाची रेकॉर्ड लावली होती. स्वतःच पदं करतो, स्वतःच चाल लावतो. पुरुषाचा आवाज, त्यामुळे शब्द जवळजवळ गेले, चाल तेवढी उरलीय. पडद्यामागून कुणीतरी आपल्याला समजावतंय आणि काय ते कळत नाही, असं. कर्ण्यात डोकं घालून ऐकत होते.

सुमी मागच्या पायऱ्यांवरून पडली होती. हनुवटी फुटली. पारूबाई, आमच्याकडे भांडी घासते ती, तिला उचलून आत आली. पोरीचा परकर रक्तानं भरलेला. तोंडाजवळ येऊन म्हणाली, "बाई, पोर कवाधरनं बोंबलतीया. तुमास्नी ऐकू न्हाई आलं व्हय?"

मी हात पुढे केले. सुमी माझ्याकडे आली नाही. पारूच्या खांद्यात तोंड खुपसून राहिली.

पाळण्यातलं मूल तर पारूकडे चालत जाऊ शकत नाही.

५ डिसें.

पारूला विचारलं. तिची एक म्हातारी मावळण, बापाची बहीण, लोहगडवाडीला असते, पोट पाडायला बायका तिच्याकडे जातात हे माहीत होतं. पारू राख हातात घेऊन तशीच बसली. मग माझ्या कानाशी येऊन हळूच नाही, चांगलं मोठ्यानं म्हणाली, "मुळी हाय तिच्याकडं. पर माज्या भनीनं तीच घेतलती. ऱ्हायली न्हाई ती."

तरी आण म्हटलं.

११ डिसें.

मुळी आणली. बोटाएवढी, मातीचा वास. मसाल्याच्या डब्यामागे ठेवली.

कानात आता सारखं गुणगुणतं. आधी वाटलं शेजारी कोणी तंबोरा जुळवतंय. तो कधीच जुळत नाही.

१४ डिसें.

डॉक्टरांचा चिमटा आठवला. फोनोच्या पेटीला कपाळ टेकवलं. थोडं आलं. गाल, मग हनुवटी. मग कोणी बघत नाही असं पाहून पेटीची कड दातांत धरली.

तोडी आली. सगळी. डग्ग्याची घुमक दाढेत, बाईंचा श्वास, सारंगी त्यांच्या मागोमाग येते ते. किती वर्षांनी! लाळ पेटीवरून ओघळत होती आणि मी हलले नाही. कोमल गंधारावर बाई थांबतात ना, तिथे वाटलं, एवढंच मिळत राहिलं तरी मी बाकी काही मागणार नाही.

आणि शेवटी नाव. स्पष्ट.

सुमी दारात उभी राहून हसत होती, आई लाकूड खाते म्हणून. तिला जवळ घेऊन तिच्या डोक्याला दात टेकवले आणि म्हटलं, बोल काहीतरी. ती घाबरून रडायला लागली.

२० डिसें.

मुळी अजून डब्यामागे. उद्या, म्हणते. रोज.

ह्यांनी पेटीच्या कडेवरच्या खुणा पाहिल्या. पाटीवर लिहून विचारलं, उंदीर झालेत का? (हल्ली सुमीची पाटी वापरतात. ओरडून बोलायची त्यांना लाज वाटते, शेजारी ऐकतात.) हो म्हटलं. संध्याकाळी पिंजरा आणून लावला. खोबऱ्याचा तुकडाही घातला त्यात.

६ जाने. १९३९

रेल्वेच्या चाळीतल्या डोरीनबाई येऊन गेल्या. नवरा इंजिन ड्रायव्हर. त्यांनी एक जॅझची रेकॉर्ड दिली, अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा बाजा. "सुनो, मजा आएगा," म्हणाल्या. त्यांना माझं माहीत नाही.

कानांनी नुसता भांड्यांचा गोंधळ. मग दातांनी. बिगुलासारखं काहीतरी आहे, ते सगळ्यांच्या वर एकटंच निघतं, सूर मुद्दाम वाकवतं, पडेल पडेल वाटतं आणि पडत नाही. ताल त्याची वाट पाहत नाही. कोणी उत्तर देणार नाही हे ठाऊक असून हाक मारणारा माणूस. मला पेटी सोडावी लागली.

मान वर केली तर हे दारात. किती वेळ उभे होते कोण जाणे. तोंड पुसायचंही सुचलं नाही. हे चपला घालून बाहेर गेले. नंतर पाहिलं तर पिंजरा काढून ठेवला होता.



९ फेब्रु.

पोटात हललं. भाकरी थापत होते, हात परातीतच राहिला.

मुळी चुलीत टाकली. मन मोठं झालं वगैरे काही नाही. भ्याले. पारूची बहीण डोळ्यांपुढे येत होती, न पाहिलेली. पारूला सांगितलं तर तिनं सुमीला कडेवर घेतलं.

मूल मला हवंय का? कोणी विचारलंही नाही. कान हवेत. मूलही

१२ मार्च

दातांनीही कमी येतंय. सुई बदलली, चावी पूर्ण दिली. डॉक्टर म्हणाले होते हाड आखडतं, कानाची शीर शाबूत आहे. मग हे काय? तेही जायचं होतं तर एकदाच जायचं. सासूबाई तळेगावहून आल्यात. म्हणतात, गाणी ऐकून कान फुटले. हे मी ओठांवरून वाचलं. ओठ चुकीचे वाचले असते तर बरं.

१७ एप्रिल, पुणे

सातवा लागला. डॉक्टरांच्या नजरेखाली असावं म्हणून बाळंतपण माहेरी. हे पोचवायला आले.

फोनो आणला नाही. ह्यांनी पाटीवर विचारलं होतं, मी नको म्हटलं.

डबा रिकामाच होता. मी खिडकीशी, समोर हे आणि सुमी. मळवली सुटल्यावर गाडीनं वेग घेतला, सगळा डबा खडखडायला लागला आणि मला माणसाचा आवाज ऐकू आला. वाटलं पुन्हा कानातलंच. नव्हतं. चाकांच्या आवाजावर चढून हे सुमीसाठी गात होते. हे! ज्यांनी कधी आरतीलासुद्धा तोंड उघडलं नाही.

"मळवली गेली, कामशेत आलं,
सुमीनं दूध अजून नाही प्यालं."

तिथल्या तिथे जुळवत होते. षड्ज कुठल्या कुठे, चाल दर ओळीला निराळी. आवाज जाड, थोडा फाटलेला. सहा वर्षं ह्या माणसाबरोबर राहतेय, हा आवाज ठाऊक नव्हता. सुमी खदखदून हसत होती, तेही आलं. एवढ्या गोंगाटात मला का ऐकू यावं, डॉक्टरांना विचारायला हवं.

मी बाहेर बघत राहिले. ऐकतेय म्हणून सांगितलं असतं तर थांबले असते. बाहेर काय होतं ते आठवत नाही. पोटावर हात होता.

वडगाव झालं, तेही त्यांनी गाण्यात बसवलं.

मग तळेगावला गाडी थांबली. खडखडाट बंद झाला. मी वळून पाहिलं. सुमी टाळ्या वाजवत होती, ह्यांचे ओठ अजून हलत होते.