खामगावहून परत फिरलेल्या ताईस

अमडापूर,
आश्विन वद्य चतुर्थी

तीर्थस्वरूप जयमालाताईच्या चरणी शालिग्रामचा दंडवत.

पत्र लिहिण्यास कारण की, मी जिवंत आहे. माझी प्रकृती उत्तम आहे, भूक व्यवस्थित लागते, गुडघा पूर्वीइतकाच दुखतो. गेल्या गुरुवारी तुला कळलेली बातमी खोटी होती हे तुला खामगावच्या एस. टी. स्थानकावर समजलंच आहे, तरी माझ्या सहीनिशी कळवलेलं बरं. तुझी आणि नारायणराव भाऊजींची तब्येत कशी आहे? भाऊजींचा रक्तदाब गुरुवारनंतर उतरला का? हर्षलला माझा आशीर्वाद सांग आणि मामा अजून आशीर्वाद देण्याच्या स्थितीत आहे हेही सांग.

तू अकरा महिने माझ्याशी बोललेली नाहीस. श्रावणात राखी आली नाही, फोन केला तर भाऊजी उचलतात आणि नांदुऱ्याच्या हवेवर बोलून ठेवून देतात. मी रागावलेलो नाही. (चाळीस वर्षं शाळेत आणि व्यासपीठावर मी इतरांना रागावत आलो, स्वतःच्या वाट्याचा राग शिल्लक राहिलेला नाही.) पण मेल्याची बातमी तुझ्यापर्यंत कशी गेली, हे सांगायचं तर मायच्या दहाव्यापासून सुरुवात करावी लागेल. धीर धर. माझ्या भाषणांतून उठून जाण्याची सोय असते, पत्रातून नसते.

त्या दिवशी नदीवर पिंड मांडला आणि समोरच्या बाभळीवर नऊ-दहा कावळे बसले. एकही खाली येईना. मंडळी एकेक करून पुढे झाली, कोणी कधी यायचं ते मी दोन्ही हात हलवून सांगत होतो. भाऊजी म्हणाले, माय, तुमची गाय मी सांभाळतो. कावळा हलला नाही. तू रडत म्हणालीस की तुले चार दिवस नांदुऱ्याले नेतो म्हटलं अन् नेलं नाही, माझं चुकलं. कावळा हलला नाही. मग तू माझ्याकडे वळलीस आणि हळूच म्हणालीस, "शालू, एवढंच म्हण, का ताईचं माहेर मी तुटू देणार नाही." एका वाक्याचं काम होतं. आणि मी काय केलं, तर कावळा हा सर्वभक्षी पक्षी असून मृतात्म्याच्या इच्छेशी त्याचा काहीही संबंध नाही, या विषयावर वीस मिनिटं बोललो. उन्हात. उपाशी माणसांसमोर. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, आणि तू जेवणाला न थांबता जीपमध्ये बसून गेलीस.

ताई, माझं मत आजही तेच आहे. ते मी कोणत्याही व्यासपीठावर, कोणाच्याही तोंडावर सांगेन. पण मत खरं असून भागत नाही, ते सिद्ध करावं लागतं. म्हणून संक्रांत झाल्यावर मी ठरवलं की एखाद्या कावळ्याशी मैत्री करायची, त्याच्या सवयी टिपायच्या आणि कावळा येतो तो फक्त भुकेने, असं दाखवणारी पुस्तिका काढायची. या पक्ष्याबद्दल जे छापून आलेलं मिळालं ते मी सगळं वाचलं. कावळा माणसाचा चेहरा ओळखतो आणि वर्षानुवर्षं विसरत नाही, असं त्यात होतं. मला वाटलं, अमडापुरात मला ओळखत नाही असा कावळा असणंच शक्य नाही. हे खरं निघालं, पण वेगळ्या अर्थाने.

रोज चार वाजता मी गच्चीवर भाकरीचे तुकडे ठेवायचो आणि कावळ्यांना बोलावायचो. बोलावायचो म्हणजे, तुला ठाऊक आहे, मी दोन्ही हातांनी बोलतो. तेरा दिवस एक कावळा फिरकला नाही. उलट मी जिना चढलो की उत्तमरावांच्या कडुनिंबावरचेही उडून जायचे. (उत्तमराव म्हणजे आपल्या मागच्या घरचे, वांग्यांचा मळा आहे त्यांचा.) त्यांनी कुंपणापलीकडून सांगितलं की गुरुजी, तुमचे हात पाहून आमची म्हैस बिचकते, तो तर कावळा आहे. मी त्यांना म्हशीच्या आणि पक्ष्याच्या दृष्टीतला फरक समजावला. तेवढ्यात म्हैस बिचकली.

शेवटी पुष्पांजली वर आली आणि म्हणाली, "हात बगलेत धरा अन् तोंड मिटा. त्याले भाषण नाही पाह्यजे, भाकर पाह्यजे." संसाराच्या सदतीस वर्षांत तिने पहिल्यांदा माझ्या पद्धतीत शास्त्रीय सुधारणा सुचवली होती. मी हात बगलेत धरून, तोंड मिटून बसलो. ताई, माणसाला आयुष्यात काय काय सोसावं लागतं याची कल्पना असणाऱ्या मला हे सोसेल असं वाटलं नव्हतं. पहिल्या दिवशी सात मिनिटांत कपाळाला घाम आला. भाकरीलाही कावळे भुलेनात, म्हणून फडताळात शोधाशोध केली, तेव्हा मायने शेवटच्या उन्हाळ्यात बाजरी भरडून, शिजवून, उन्हात वाळत घातलेल्या खारोड्यांचा डबा सापडला. चार ठेवल्या आणि गप्प बसलो. चौदा मिनिटांनी एक कावळा कठड्यावर उतरला.

डाव्या पायाचं एक बोट वाकडं, मान राखाडी, चाल दमदार. मान तिरकी करून त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की हा आता संपवणार कधी. मी त्याला अध्यक्ष म्हणू लागलो. आजवर मला जे जे अध्यक्ष लाभले त्यांत वेळ संपल्याची चिठ्ठी न पाठवणारा हा एकटाच. तो खारोडी उचलतो, ती आमच्या पाण्याच्या टाकीत भिजवतो (पुष्पांजलीला हे ज्येष्ठात कळलं, तोवर आम्ही तेच पाणी वापरत होतो), मऊ झाली की खातो आणि शेजारी बसून राहतो. त्याला मी काहीही पटवून देत नाही. तोही काही पटवत नाही. संध्याकाळची उन्हं उत्तमरावांच्या वांग्यांवरून उतरतात, आम्ही दोघं ती बघतो. एवढी स्वस्थता मला कोणत्याही सभेनंतर लाभलेली नाही. अंगणातला साबण जातो, चमचे जातात, पण त्याला माझी हरकत नाही.

त्याला वेळेची सवय लागावी म्हणून मी एक खूण ठेवली. खारोडी मांडली की उजवा हात सरळ वर करायचा आणि तसाच स्थिर धरायचा. आठवड्याभरात अध्यक्ष शिकले. हात वर गेला की गावात कुठेही असोत, हजर. मला फार अभिमान वाटला. आपल्या पद्धतशीर कामाचा माणसाने अभिमान बाळगावा, पण आपला हात एरवी कशाला वापरतो तेही लक्षात ठेवावं.

गुरुवारी गावात व्यायामशाळेचं उद्घाटन होतं. मी प्रमुख वक्ता, विषय शकुन आणि अपशकुन. पाहुणे दोन तास उशिरा आले, त्यामुळे माझं भाषण रंगायला चार वाजले. शेवटाकडे येऊन मी म्हणालो की आकाशातल्या कोणत्याही पक्ष्याला माझ्या जगण्या-मरण्याशी देणंघेणं नाही. आणि या वाक्याला मी गेली चाळीस वर्षं जे करतो तेच केलं. उजवा हात सरळ वर नेला आणि टाळ्यांसाठी स्थिर धरला.

अध्यक्ष डोक्यावर उतरले.

टाळ्या पडल्या नाहीत. नखं टोचत होती, पण मी हललो नाही, कारण हललो तर ते बिथरतील. चारशे माणसांसमोर डोक्यावर कावळा घेऊन मी समारोप पूर्ण केला. तोही उभ्या हाताने, त्यामुळे ते खारोडीची वाट बघत बसूनच राहिले. खाली आल्यावर उत्तमराव माझा दंड धरून म्हणाले, "गुरुजी, तुमचं ते विज्ञान आपल्या जागी. पण डोक्श्यावर कावळा बसला, घरून एखाद्या नातलगाले खबर धाडाच. कोणी रडलं का दोष जाते." हा रिवाज तुला माहीत आहे. माणूस मेल्याची खोटी बातमी जिवाभावाच्या माणसाला द्यायची, त्याने खरे अश्रू गाळायचे, की आलेलं मरण फसून परत जातं. मी या रिवाजाविरुद्ध सात ठिकाणी बोललेलो आहे.

कावळ्याची बातमी माझ्या आधी घरी पोहोचली होती आणि पुष्पांजली फोन हातात घेऊन बसली होती. पुढचं तू जाणतेस. तिचा बेत असा की अर्ध्या तासाने पुन्हा फोन करून खरं सांगायचं. पण अर्ध्या तासात तू फोन घरीच विसरून नांदुऱ्याहून निघालीसही. मग भाऊजींची धावपळ, आणि खामगावच्या स्थानकावर ध्वनिक्षेपकावरून ती घोषणा, की नांदुऱ्याच्या जयमालाबाई, आपले बंधू जिवंत आहेत. भाऊजी सांगत होते, फलाटावरच्या अनोळखी लोकांनी तुला पाणी दिलं, आणि तू डोळे पुसून परतीच्या गाडीत बसलीस.

आता जे सांगायचं होतं ते. ही पुस्तिका मी काढणार नाही. पण नऊ महिन्यांच्या टिपणांतून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली आहे, ती फक्त तुझ्यासाठी. त्या दिवशी नदीवर कावळे खाली आले नाहीत ते माझ्या हातांना भिऊन. तू मायला नांदुऱ्याला नेलं नाहीस म्हणून नव्हे. तिची कोणतीही इच्छा तुझ्यापाशी अडलेली नव्हती. तुझ्या डोक्यावर अकरा महिने जो भार आहे तो माझ्या दोन हातांनी ठेवलेला आहे, आणि याला माझ्यापाशी तारीखवार पुरावा आहे.

वडीलधारी म्हणून माझे अपराध पोटात घाल. भाऊजींना नमस्कार.

तुझा (हयात) भाऊ,
शालिग्राम

ता. क. मायचं वर्षश्राद्ध कार्तिक वद्य सप्तमीला आहे. तू ये. त्या दिवशी तुझं ते वाक्य मी म्हणणार आहे. एकच वाक्य, हात बगलेत धरून. ते कावळ्यासाठी नसेल, हे आधीच स्पष्ट करतो. माझं मत बदललेलं नाही.

दुसरा ता. क. येताना खारोड्या आण. मायचा डबा गेल्या सोमवारी संपला. पुष्पांजलीने केलेल्या खारोड्या अध्यक्षांनी टाकीत भिजवल्या आणि तिथेच सोडून दिल्या (हे तिला दाखवू नकोस). मायच्या हातची चव आता फक्त तुझ्या हाताला आहे, हे त्यांनी सांगितलं असं समज. मीही दोन चाखून पाहिल्या.

तिसरा ता. क. पुष्पांजली मागे उभी राहून वाचते आहे आणि म्हणते खरं काय ते लिहा. तर, ती चिखलीला तिच्या भावाला, दीपकला, कळवणार होती. तुझा नंबर मी लावून दिला. सात भाषणं बाजूला ठेवून. तू रडतेस का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. खामगावपर्यंत तू मेलेल्या भावासाठी आलीस. पुढचा तासाभराचा रस्ता जिवंत भावासाठी ये. मी थांब्यावर उभा असेन. हात वर करून बोलावणार नाही, अध्यक्ष येतील. तूच ओळख.