नरसिंगला कावीळ झाली नव्हती

लिहून ठेवणार : केवळाबाई आप्पासाहेब मुळजे, वय ७१ वर्षे, धंदा शेती, पूर्वी शाळेत खिचडी शिजवण्याचे काम, राहणार मौजे बोरखेडी, ता. अहमदपूर, जि. लातूर.

हे मृत्युपत्र मी आज माझ्या राहत्या घरी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाखाली नव्हे तर स्वतःच्या मर्जीने सांगत आहे. मला लिहिता-वाचता येते, पण हात थरथरतो, म्हणून आमच्या शाळेचे मुख्याध्यापक रुद्रेश सर लिहून घेत आहेत. माझं बोलणं सुधारू नका, असं मी त्यांना बजावलं आहे.

शुद्धीबद्दल कोणी शंका काढील म्हणून आधीच सांगते. माझी मुलगी सुकन्या चोवीस वर्षांपूर्वी वारली. ती मला दिसते. दाखला घ्यायला अहमदपूरला गेले तेव्हा डॉक्टरांनाही हे सांगितलं. त्यांनी मला वार विचारला, नातवंडांची नावं विचारली, शंभरातून सात सात वजा करायला लावले. मग दाखला दिला. तो सोबत जोडला आहे.

१. माझे पती आप्पासाहेब १९९८ साली वारले. मला दोन लेकरं. थोरली सुकन्या आणि धाकटा नरसिंग. नरसिंग नांदेडला मोटारी दुरुस्त करतो. त्याचा मुलगा सत्यम लातूरला कॉलेजात आहे. सुकन्येची मुलगी शिवानी दहा दिवसांची असल्यापासून मी वाढवली. जावयाने दुसरं लग्न केलं, पोरीला परत मागितलं नाही. ती आता लातूरला एका दवाखान्यात रक्त तपासण्याचं काम करते. ह्या तिघांशिवाय मला वारस नाही.

२. माझ्या नावचं विहिरीजवळचं अडीच एकर रान मी नरसिंगला देते. बांधावरची चिंच त्याने तोडू नये. नरसिंगबद्दल गावात बोललं जातं की आईला टाकलं, सणालासुद्धा मुक्कामाला थांबत नाही, सकाळी येतो आणि संध्याकाळच्या बसने परत जातो. हे खरं आहे. पण दोष त्याचा नाही. कारण पुढे कलम ५ मध्ये आहे.

३. राहतं घर, मागच्या परसासह, मी शिवानीला देते. (हे कलम शेवटी बदललं आहे. तरी खोडू नये. मला काय वाटत होतं ते राहू द्यावं.)

४. माझी सोन्याची बोरमाळ उदगीरच्या दस्तगीरभाई शिंप्याची नात सदफ हिला द्यावी. आमचं त्यांचं नातं नाही, भावकी नाही. नरसिंगच्या बायकोला वाईट वाटेल. तिला पाटल्या आहेत.

५. आता जे सांगायचं ते. ह्या २६ जानेवारीला शाळेच्या मैदानावर मी हे बोलले, पण घाईत, अर्धं. पूर्ण इथे लिहून ठेवते.

सन २००१, मार्च महिना. सुकन्येला उदगीरच्या एका दवाखान्यात नेलं. सकाळी मुलगी झाली, तीच शिवानी. बाळ-बाळंतीण सुखरूप, असं मी घरी कळवलंही. दुपारी बाराच्या पुढे सुकन्येचं अंगावरून जायला लागलं ते थांबेना. डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "दोन बाटल्या रक्त लागेल. तपासलंय, तुमच्या मुलाचा गट जुळतो. त्याला आत पाठवा. दुसऱ्या बाटलीसाठी मी लातूरला माणूस पाठवतो."

नरसिंग बावीस वर्षांचा होता. नऊ दिवसांनी त्याचं लग्न. पत्रिका वाटून झाल्या होत्या. त्याने बाही वर केली आणि उठला. मी त्याचं मनगट धरलं.

मला काय वाटलं ते लिहिते. मला वाटलं, ऐन लग्नात पोरगं निम्मं होईल. पोरीकडचे म्हणतील, आजारी पोरगा गळ्यात मारला. सुकन्येला आणखी कोणाचं तरी मिळेल, दवाखाना आहे, तिथे असतंच. आणि खरं सांगायचं तर, तो एकुलता एक मुलगा होता आणि ती दिलेली लेक होती. हे मी त्या वेळी मनातसुद्धा शब्दांत आणलं नव्हतं. पण मनगट धरलं ते ह्याच विचाराने.

मी डॉक्टरांना म्हणाले, "ह्याला मागच्या महिन्यात कावीळ झाली व्हती."

डॉक्टर म्हणाले, "मग ह्याचं चालणार नाही." आणि घाईने आत गेले.

नरसिंगला कावीळ झाली नव्हती. त्याला आयुष्यात कधी कावीळ झालेली नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हटलं, "बस खाली." तो बसला.

समोरच्या बाकावर एक माणूस होता, गळ्यात मोजायची टेप तशीच. त्याची बायको हुसेनबी त्याच वॉर्डात होती. त्याने सगळं ऐकलं होतं, नरसिंगचं तोंडही पाहिलं होतं. तो उठून नर्सला म्हणाला, "बाई, माझं तपासा. मी ह्याच्या आधी दिलंय, काही होत न्हाई." त्याचं जुळलं. त्याने एक बाटली दिली, बाहेर येऊन चहा प्यायला आणि पुन्हा त्याच बाकावर बसला. ते दस्तगीरभाई.

चारच्या सुमारास मला आत बोलावलं. सुकन्या पांढरी झाली होती, ओठसुद्धा. मी पाण्याचा चमचा तोंडाला लावला. ती म्हणाली, "पाणी नको आई. नरसिंगला बोलाव." तिला वाटत होतं, भाऊ रक्त देईल. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "येऊन राहिला बाई." तो दाराबाहेर दहा पावलांवर होता. मी त्याला बोलावलं नाही. कारण तो आत आला असता तर तिने त्याला विचारलं असतं.

लातूरचं रक्त पोचण्याआधी, पाच वाजून वीस मिनिटांनी ती गेली. मी सगळ्यांना सांगितलं की रक्त मिळालं नाही. जावयाला, भावकीला आणि पुढे शिवानीला. शिवानी लहानपणी शाळेत निबंधात लिहायची की माझी आई रक्त न मिळाल्यामुळे वारली. तिला त्या निबंधाला बक्षीस मिळालं. ते मी भिंतीवर लावलं. ती रक्त तपासायच्या कामाला लागली तीही ह्याच खोट्यामुळे.

नरसिंगचं लग्न दोन महिन्यांनी झालं. त्या दुपारबद्दल तो कधी एक शब्द बोलला नाही.

६. सुकन्या मला त्या वर्षीच्या पावसाळ्यापासून दिसते. दुपारी, परसदाराच्या उंबऱ्यावर बसलेली. भीती वाटावी असं काही करत नाही. पाठ माझ्याकडे असते. केस सोडलेले, बाळंतिणीसारखा डोक्याला रुमाल. "नरसिंगला बोलाव," एवढंच म्हणते. मी शाळेत खिचडीचं काम धरलं ते दुपारी घरी राहायला नको म्हणून. मग ती शाळेच्या चुलीमागे उभी राहायला लागली.

रुद्रेश सरांनी २०१५ साली शाळेत पालकांचं रक्तदान शिबिर ठेवलं. झेंडावंदन झालं की वर्गातले बाक जोडायचे आणि तिथेच. मी पहिल्या रांगेत उभी राहिले. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, पहिल्यांदा देणाऱ्याला साठपर्यंतच चालतं. तुमचं एकसष्ट झालं." म्हणजे माझं घेणार नाहीत, हे मला एक वर्ष उशिरा कळलं.

त्या वर्षी अकराच माणसं आली. दुसऱ्या वर्षापासून मी घरोघर जायला लागले. पोरांची ताटं वाढता वाढता विचारायचे, तुझा बाप काय करतो, संध्याकाळी घरी असतो का. मग जायचे. बाया म्हणायच्या, "मालकाला चक्कर येईल." मी म्हणायचे, "मी तिथं बसते, मी धरते." पुरुष म्हणायचे, "काम लई हाय." मी ओसरीवर बसून राहायचे. उठत नसे. दस्तगीरभाई दर साली उदगीरहून बसने यायचे, वयाची अट लागेपर्यंत स्वतः द्यायचे, पुढे नुसते बसायचे. ज्यांना सुईची भीती वाटे त्यांच्याशी शर्टाच्या मापाच्या गप्पा मारायचे. माझ्या खोट्याबद्दल त्यांनी एवढ्या वर्षांत कोणाजवळ अक्षर काढलं नाही. गेल्या वर्षी एकशे चार माणसं झाली.

वीरभद्र पाटलाबद्दल माझा राग आहे तो इथे नोंदवते. दोन वर्षांपूर्वी त्याने आपल्या बायकोला शाळेच्या फाटकातून परत नेलं आणि मला सगळ्यांदेखत म्हणाला, "तुझ्या पोरीला तू तरी दिलं व्हतंस का?" त्याला काही माहीत नव्हतं. सहज बोलला. तेव्हापासून मी त्याच्या घरावरून जात नाही. माझ्या मातीला तो आला तर त्याला येऊ द्यावं. त्याचा प्रश्न बरोबर होता.

७. ह्या २६ जानेवारीला शिवानी सुट्टी काढून आली आणि टेबलावर नावं लिहायला बसली. सत्यम मित्रांबरोबर आला, रांगेत उभा राहिला. नरसिंग त्याला न्यायला नांदेडहून आला होता. त्याने पोराला रांगेत पाहिलं, पुढे गेला आणि त्याचं मनगट धरलं. म्हणाला, "परीक्षा हाय तुझी. चल."

सत्यम म्हणाला, "पप्पा, पाच मिनिटांचं काम हाय."

"न्हाई म्हणलं ना."

सुकन्या टेबलामागे उभी होती, शिवानीच्या मागे. ह्या वेळी तिचं तोंड माझ्याकडे होतं. मी शिबिराची खिचडी ढवळत होते, ती पळी खाली ठेवली आणि तिथे गेले. म्हणाले, "नरसिंग, सोड त्याला. तेव्हा मी तुझं मनगट धरलं आणि तू बसलास. तसं त्याला बसायला लावू नको."

मग मी बोलले. कावीळ खोटी होती, हे बोलले. मैदानावर दीडशे माणसं असतील. नरसिंगने सत्यमचा हात सोडला आणि खाली बसला, त्या दिवशी बसला होता तसा. म्हणाला, "मी बावीस वर्षांचा व्हतो आई. मी उठून आत जाऊ शकलो असतो." चोवीस वर्षांत तो पहिल्यांदा ह्याबद्दल बोलला.

सत्यमने रक्त दिलं. त्याच्यानंतर नरसिंगने दिलं.

शिवानी मान खाली घालून बसली होती. समोरच्या माणसाला तिने विचारलं, "नाव?" त्यानंतरची एकोणतीस नावं तिने लिहिली, अक्षर हललं नाही. मग पिशवी उचलून बसस्टँडवर गेली. दहा महिने होत आले, तिने मला फोन केला नाही.

मला वाटलं होतं, बोलल्यावर सुकन्या यायची थांबेल. थांबली नाही. फक्त आता काही मागत नाही.

८. माझ्यामागे जेवणावळ घालू नये. शाळेतलं मोठं पातेलं माझ्या पदरचं आहे, ते शाळेलाच राहू द्यावं. दर शिबिराच्या दिवशी रुद्रेश सरांनी किंवा त्यांच्या जागी जे असतील त्यांनी कलम ५ पालकांसमोर मोठ्याने वाचावं. माझं नाव गाळू नये.

९. इथपर्यंत लिहून झालं तेव्हा अकराची बस आली आणि शिवानी दारात उभी राहिली. सरांनीच तिला कळवलं होतं. ती आत आली, उभ्यानेच सगळे कागद वाचले. कलम ५ दोनदा वाचलं. मग सरांना विचारलं, "साक्षीदार कोण?"

सर म्हणाले, "दस्तगीरभाई येऊन बसलेत. दुसरा मी."

"दुसरी मला लिहा."

सर म्हणाले, "बाळा, तुझ्या नावे घर आहे. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. उद्या कोणी हरकत घेईल."

शिवानी म्हणाली, "मग घर काढा त्यातून. सत्यमला द्या. मला घर नकोय सर. आजीनं हे सांगितलं आणि मी ऐकलं, एवढं माझ्या सहीनं पाहिजे."

मी म्हणाले, "शिवे, घर तुझ्या आईचंबी हाय."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणूनच."

तिने मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. तरी कलम ३ मधील घर, परसासह, मी तिच्या सांगण्यावरून सत्यम नरसिंग मुळजे याला देते. सर पान बदलायचं म्हणत होते. मीच नको म्हटलं.

वरील सर्व मला वाचून दाखवलं, ते बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांच्या समोर मी सही करते, आणि माझ्यासमोर ते करतात.

ठिकाण : मौजे बोरखेडी, ता. अहमदपूर
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

(सही) केवळाबाई आप्पासाहेब मुळजे

लिहून घेणार : (सही) रुद्रेश, मुख्याध्यापक

साक्षीदार :

१. (सही) दस्तगीर, शिंपी, राहणार उदगीर. दवाखान्यात मी हजर होतो.

२. (सही) शिवानी, सुकन्येची मुलगी, राहणार लातूर. मीही हजर होते. त्या दिवशी माझं वय काही तासांचं होतं.