चार हजारांवर एक

३ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

तू कॉलेजात आकडे शिकवतोस, म्हणून तुझ्याच डोक्याला ताप देते. वाचनालयाच्या दारातली भिंत माझ्या गळ्यात आहे. प्रत्येक वाचकाने आपलं नाव कोरलेली, दोन बोटं रुंदीची चौकोनी फरशी. चार हजार जमल्या. पन्नास ओळी, ओळीत ऐंशी, सगळं आखून ठेवलं आणि भट्टी विझवायच्या दिवशी बाबा आपली घेऊन आले! वर्षभर नुसतं करतो, करतो. हात थरथरतात, त्यामुळे नाव कोपऱ्यात घसरलंय. आता झाल्या चार हजार एक. ग्रंथपाल बाई म्हणतात, कुणाची गाळायची नाही, तोडायची नाही, कोरी लावायची नाही. बाबा रोज विचारतात, माझी कुठे बसवलीस? सांग, किती ओळी करू?

वहिनीला नमस्कार. उत्तर धाडण्याइतका तरी लोभ असू दे.

तुझी धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

ओळी होणार नाहीत. चार हजार एक ही मूळ संख्या आहे, कशानेच भाग जात नाही. चार हजार कशी गुणी, हवी तशी वाटून घ्या. ही एकाने मोठी आणि हट्टी. एकच ओळ केलीस तर रस्त्याच्या टोकापर्यंत जाईल. माझं ऐक, बाबांची बाजूला ठेव. त्यांना कुठे कळणार आहे?

रागावू नकोस. लोभ आहेच.

दादा

१३ मार्च

ती. दादास नमस्कार.

तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. कळणार नाही? बाबा काल खुर्ची टाकून रेघ न् रेघ तपासत बसले होते. जन्मभर भट्टीवर काढलेला माणूस! गाळायचीच तर तुझी गाळते, पोस्टात कोपरा उडालेली. एवढं शिकलास आणि फक्त नाही म्हणायला शिकलास. पंधरा दिवसांत उद्घाटन आहे.

लोभ सध्या आटला आहे.

धाकटी

१८ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

माझी गाळू नकोस! एक आयत होत नाही, पण दोन चौरस होतात. चारने भागून एक उरते अशी मूळ संख्या नेहमी दोन वर्गांची बेरीज असते, तीही एकाच प्रकारे. एकोणपन्नास गुणिले एकोणपन्नास आणि शेजारी चाळीस गुणिले चाळीस. दोन हजार चारशे एक अधिक सोळाशे. करून बघ. शिवाय पन्नास-ऐंशीला मधली फरशीच नसते. एकोणपन्नासला असते, पंचविसाव्या ओळीत पंचविसावी. तिथे कोण बसेल ते तुला सांगायला नको.

आटलेला लोभ परत पाठव.

दादा

२७ मार्च

ती. दादास सा. न.

सगळ्या रेघा पुसून नव्याने आखल्या, पाठीचा पार भुगा झाला, पण बसल्या. एकही उरली नाही. बाबा आले. एकेक ओळ मोजत गेले. मग म्हणाले, काम चोख आहे, फक्त मधली वाकडी कुणाची ती काढ. मी म्हटलं, तुमचीच. तर म्हणाले, मग तर आधी काढ, एवढ्या चांगल्या भिंतीच्या मधोमध हे काय!

म्हणजे पुन्हा चार हजार! पुन्हा पन्नास-ऐंशी! डोकं आपटावंसं वाटलं. सिमेंट ओलंच होतं, पण वाळलं म्हणून ठोकून दिलं. बाबांना ते खोटं पटलेलं नाही. रोज येतात, आपल्या नावावर अंगठा दाबून धरतात आणि म्हणतात, ओलं आहे का ते बघतोय.

आता वाळून चार दिवस झाले. तरी येतात.

लोभ परत पाठवला आहे, पोचल्याचं कळव.

धाकटी