मिलवरची हिरवी रेघ

१२ जाने. ८३, मु. पो. मूल
यंत्र शाळेच्या गच्चीवर बसलं. अंधार पडला की लेसरचा हिरवा झोत सरळ वर सोडायचा, धुळीवर आपटून परतलेला उजेड दुर्बिणीत पकडायचा. सातासमुद्रापलीकडे ज्वालामुखी फुटला, त्याची धूळ वीस कि.मी. वर येऊन बसलीय, ती मोजायची. पुण्यात आमच्या प्रयोगशाळेत साहेबांना मीच म्हटलं होतं, आमच्या गावचं आभाळ स्वच्छ असतं. वीज शेजारच्या राइस मिलची. साहेबांचं जेवणही मालकाकडेच. त्याच मिलमध्ये आई तांदूळ चाळते. हे साहेबांना सांगितलेलं नाही.

१५ जाने.
आई रात्रभर खोकली. सकाळी विचारते, "माह्या मिलातली धूळ दिसते का वं तुह्या यंत्राले?" नाही दिसत. जमिनीलगतचं धड पकडता येत नाही, येतं तेही आम्ही गाळून टाकतो. साहेब त्याला कचरा म्हणतात.
"म्हंजे आमी राहतो तेवढंच नाई दिसत." हसली. त्या हसण्याचाच राग आला.

१८ जाने.
साहेबांना म्हटलं, माझी आई त्याच मिलमध्ये आहे, रात्ररात्र खोकते; एकदा झोत तिरपा करून मिलवरून नेऊ. छपरांच्या वरून, कुणाच्या डोळ्यात जाणार नाही. आकडा मिळाला तर मालकाला धूळ आवरायला सांगता येईल. तर म्हणे, "ज्यांची वीज जाळतो त्यांचीच धूळ मोजायची? तुम्ही फार भावनिक होता, बाई." माझी आई खोकते म्हणून मी भावनिक. ज्वालामुखीला कुणी नातेवाईक नाही, म्हणून ते विज्ञान! मी जेवले नाही.

२१ जाने.
साहेब मालकाच्या जीपने मार्कंड्याची देवळं बघायला गेले. अंधार पडताच आईला गच्चीवर नेलं, झोत तिरपा केला. मिल चालू होती. एरवी सुतासारखी दिसणारी रेघ मिलवर जाडजूड, आत कण वळवळतायत. आई कठड्यावरून पुढे वाकली. मग, "हे खाऊन राह्यलो का आमी?"
यंत्राचा काटा टोकाला जाऊन अडकला, धूळ त्याच्या मापाबाहेरची. म्हणजे आकडा नाहीच मिळाला.

२२ जाने.
हिरवी रेघ मालकानेही पाहिली. आईचं काम बंद. साहेब म्हणाले, पुण्याला गेल्यावर बोलू. आई माझ्यावरच उखडली, "तू जाशीन पुण्याले. मी कुठी जाऊ?"

२४ जाने.
साहेबांनी शब्द टाकला, मालक आईला उद्यापासून परत घेतोय. अट एकच, झोत सरळ वर. मी साहेबांचे आभार मानले. मानले मी! तोंड अजून कडू आहे. वरचा थर आज सुंदर आला, साहेब खूश.

२५ जाने., सकाळ
मिलचा पहिला भोंगा झाला, दुसऱ्याला फाटक बंद. आईने डबा घेतला, पदर नाकातोंडावरून घट्ट गुंडाळला, दारापर्यंत गेली. तिथेच उभी आहे. मिलच्या छपराकडे बघतेय. दिवसाउजेडी तिथे काहीच दिसत नाही.
"जातेस ना?" म्हटलं.
"थांब नं."
दुसरा भोंगा आता होईल.